कॉर्पोरेट व्हीसीची टर्म शीट आलीये, आरओएफआरवर अडलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी आणि लॅबमधला मित्र मिळून पुण्यात सॉल्व्हंट परत मिळवायचं मेंब्रेन बनवतो. औषध कंपन्यांत टोल्युइन वगैरे वापरून झालं की डिस्टिलेशनने परत काढतात, त्यात वाफ प्रचंड जाते, आमचं मेंब्रेन न उकळता गाळून देतं. सरकारी सीड फंड स्कीमचे २० लाख इन्क्युबेटरमार्फत हप्त्याहप्त्याने मिळाले, ते संपत आलेत. कुरकुंभला एका प्लांटमध्ये पायलट चालू आहे, चौथ्या आठवड्यात मेंब्रेन फुगलं आणि फ्लो निम्म्यावर आला, मग फॉर्म्युला बदलून परत लावलं, आता सहा आठवडे टिकलंय (दृष्ट नको लागायला).

नेहमीचे व्हीसी (स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे फंड) पहिल्यांदा रेव्हेन्यू विचारतात आणि आमच्यात प्लांटवाले वर्षभर ट्रायल घेतल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) काढत नाहीत. मग एका मोठ्या केमिकल कंपनीच्या व्हेंचर फंडाची (नाव सांगत नाही) टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) आली, ३ कोटी, १२ टक्के हिस्सा, सीसीपीएसमध्ये (पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागतात असे प्रेफरन्स शेअर). त्यांच्या माणसाने पहिल्याच मीटिंगमध्ये मेंब्रेनचा तुकडा उजेडात धरून बघितला आणि विचारलं, पिनहोल (बारीक छिद्रं) कसे मोजता? आजवर एकाही व्हीसीने हे विचारलं नव्हतं, तिथेच मी अर्धा विरघळलो.

पण अटी बघा. कंपनी विकायची झाली तर पहिला हक्क त्यांचा म्हणजे आरओएफआर, फार्मासाठी ३ वर्षं एक्स्क्लुझिव्ह (म्हणजे मेंब्रेन फक्त त्यांनाच), बोर्डावर त्यांचा ऑब्झर्व्हर (मीटिंगला बसणार, मत नाही) आणि प्रत्येक ट्रायलचा डेटा त्यांना. आता गंमत अशी की कुरकुंभवाले आणि हे एकाच मालात एकमेकांच्या समोर आहेत, त्यांच्या सॉल्व्हंटमध्ये काय काय असतं ते आमच्या डेटातून इकडे गेलं तर? तिकडच्या एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही माझीच आहे.

सीए म्हणतो घेऊन टाक, पगार कुठून देणार. सासरे म्हणतात लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये. आरओएफआर काढा म्हटलं तर डील तुटते का? कोणी केलंय?

रिअ‍ॅक्टरवाला: आरओएफआर दिसतो तेवढा गरीब नाही हो. उद्या दुसरी कंपनी घ्यायला आली तर ती दोन महिने ड्यू डिलिजन्स (कंपनीची सगळी तपासणी) करणार, वकिलांची बिलं भरणार, भाव ठरवणार आणि मग तुमचे हे म्हणणार त्याच भावाला आम्हीच घेतो. हे माहीत असताना येईल कोण? आम्ही ते नुसत्या नोटिसवर आणलं, ऑफर आली की कळवायचं, त्यांना हवं तर १५ दिवसांत स्वतःची ऑफर द्यायची. डील तुटली नाही, तीन आठवडे जास्त गेले इतकंच.

सॉल्व्हंटकाका: एक्स्क्लुझिव्ह शेअरहोल्डर करारात घालू नका, वेगळा सप्लाय करार करा, एकाच मालापुरता, आणि वर्षाला ठरलेलं मेंब्रेन उचललं तरच चालू राहील असा. दुसरं म्हणजे तो पिनहोलवाला उद्या बदलून जाईल. इंटेल कॅपिटल (चिपवाल्या इंटेलचा असाच व्हेंचर फंड) १९९१ पासूनचं, तरी जानेवारी २०२५ मध्ये इंटेलने ते वेगळं करतो म्हणून जाहीर केलं आणि नवे सीईओ आल्यावर मागे घेतलं, मोठ्या घरचे वारे असे फिरतात. एखादा साधा व्हीसी सोबत घ्या आणि अटी त्याला ठरवू द्या.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही! ग्राहकाचा डेटा निघाला की ऑब्झर्व्हरने बाहेर बसायचं असं लिहून घेता येतं का?

रिअ‍ॅक्टरवाला: येतं की, आमच्यात आहे. आणि कुरकुंभवाल्यांना सहीच्या आधी तुम्हीच सांगा, बाहेरून कळायला नको. फक्त टर्म शीटमध्ये गुप्ततेचं कलम असणार, त्यामुळे आधी फंडाकडून तशी ईमेलवर परवानगी काढा, फोनवर नको.