मदत हवी आहे: मायग्रेनचा नाकातला स्प्रे, दुसरा डोस कधी घ्यायचा?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला बरीच वर्षं अर्धशिशी आहे. डोकं ठणकायला लागलं की पाठोपाठ उलट्या, त्यामुळे गोळी पोटात टिकतच नाही. म्हणून डॉक्टरांनी या वेळी सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला, २० मिलिग्रॅमचा. त्यांनी सगळं समजावलं, पण ती तेव्हा दुखण्याने इतकी बेजार होती की तिच्या फारसं लक्षात राहिलं नाही. पुढची अपॉइंटमेंट लांब आहे.

सोबतचं माहितीपत्रक मी नीट वाचलं. डोकेदुखी परतली तर किमान २ तासांनी दुसरा डोस चालतो, २४ तासांत एकूण ४० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, असं त्यात आहे. आणि खाली लगेच: पहिल्या डोसने फरक पडला नाही तर त्याच अटॅकसाठी दुसरा घेऊ नका. मग २ तासांचा नियम नेमका कोणासाठी? रात्री दोन वाजता ती कण्हत असते तेव्हा याचं उत्तर मला पक्कं माहीत हवं.

आणखी दोन शंका आहेत. दुखणं सुरू होण्याआधी तिला डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. स्प्रे तेव्हाच मारायचा का? आणि ती नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम घेते, ते दुसऱ्या डॉक्टरांकडून. दोन्ही एकत्र चालतं का? पहिल्यांदा स्प्रे मारल्यावर थोडा वेळ गळा आणि जबडा आवळल्यासारखं झालं होतं, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः हाच स्प्रे वापरतो. ते दोन्ही नियम बरोबर आहेत, फक्त प्रसंग वेगळे. पहिल्या डोसने डोकं उतरलं आणि काही तासांनी पुन्हा चढलं, तर दुसरा. उतरलंच नाही, तर दुसऱ्यानेही सहसा उतरत नाही. तेव्हा दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

नुसत्या रेषा दिसत असताना मारू नका, दुखायला लागलं की लगेच मारा. आधी नाक शिंकरायचं. ताठ बसून एक नाकपुडी बोटाने दाबायची, दुसरीत टोक घालायचं, दट्ट्या दाबताना हळूच श्वास आत. जोरात ओढलं की औषध घशात उतरतं आणि तोंड कडूजहर होतं. चालतो की नाही बघायला हवेत दाबून पाहू नका, त्यात एकच फवारा असतो.

प्रतिसाद

मी फार्मासिस्ट आहे. गळा, जबडा, छाती आवळल्यासारखं वाटणं या औषधाने होतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. तरी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून सांगाच. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देत नाहीत. छातीत दाबून दुखलं, दुखणं हातात किंवा पाठीत गेलं, तर वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

एस्सिटालोप्रामसोबत बरेच जण घेतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन हे रसायन फार वाढल्याने होणाऱ्या त्रासाचा) इशारा दिला होता, प्रत्यक्षात तो क्वचित होतो. पण दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत असायलाच हवीत. अस्वस्थपणा, घाम, थरथर, ताप, धडधड एकदम सुरू झाली तर ताबडतोब दाखवा. एर्गोटामिन (अर्धशिशीचं जुनं औषध) किंवा दुसरं कुठलंही ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्याच गटातलं औषध) २४ तासांच्या आत नको. आणि कॅलेंडरवर खुणा करा: ट्रिप्टान महिन्यातून १० किंवा जास्त दिवस होऊ लागलं, तर औषधामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या डोसचं आता स्पष्ट झालं. उद्या सकाळी दोन्ही डॉक्टरांना फोन करते आणि कॅलेंडर तिच्या पलंगाशेजारी लावते. एक राहिलं: स्प्रे मारल्यावर तिला गुंगी येते. तशीच कोणाला येते का, आणि गाडी चालवायला किती वेळाने बसता?