शब्दचर्चा: ‘अँटिक फोक आर्ट’ला मराठीत काय म्हणाल?

एका मैत्रिणीच्या संग्रहासाठी मराठी चिठ्ठ्या लिहून देतेय, प्रत्येक वस्तूखाली दोनतीन ओळी, आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. संग्रह जगभरातल्या अँटिक फोक आर्टचा, म्हणजे मेक्सिकोतली पत्र्यावरची चित्रं, स्वीडनचे लाकडी घोडे, जपानी मातीची भांडी असं काय काय. मी झोकात ‘प्राचीन लोककला’ लिहिलं तर ती म्हणे अगं प्राचीन कसलं, शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे, प्राचीन म्हटलं की लोकांना मोहेंजोदडो आठवतं. पुराणवस्तू म्हणावं तर खणून काढल्यासारखं वाटतं आणि नुसतं जुनं म्हटलं की भंगार. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद: अँटिकच लिहा, रुळलाय तो शब्द. जगभर चालणाऱ्या कस्टमच्या यादीत अँटिकचं वेगळं खातं आहे, ९७०६ नंबरचं, आणि अट शंभर वर्षांवर वय असण्याची. ऐंशी वर्षांचं असेल तर सरळ ‘जुनं’ म्हणा, त्यात कमीपणा कसला. माझा आक्षेप ‘लोककला’वर आहे. मराठीत लोककला म्हटलं की ढोलकी वाजायला लागते. लोककलावंत म्हणजे भारूड, गोंधळ, तमाशा करणारा, लाकडी घोडा कोरणाऱ्याला कोण लोककलावंत म्हणतं? तुमची पाटी वाचून माणूस गाण्यांच्या कॅसेटी शोधत बसेल.

प्रतिसाद: हे भारी आहे, कधी लक्षातच आलं नव्हतं. जपान्यांचीही हीच अडचण होती बरं का. साध्या वापरातल्या वस्तूंना तिकडे ‘गेतेमोनो’ म्हणायचे, म्हणजे हलक्यातला माल. मग १९२५ च्या सुमारास यानागी सोएत्सू हा कलाविचारक आणि त्याचे कुंभार मित्र हामादा शोजी, कावाई कानजिरो यांनी ‘मिंगेई’ हा शब्द पाडला, लोकांची कारागिरी अशा अर्थाचा, आणि पुढे १९३६ ला तोक्योत त्याच नावाचं म्युझियमही उभं राहिलं. म्हणून मी ‘कारागिरी’ला मत देईन. ‘लोककारागिरी’ मात्र नको, जीभ अडखळते.

मूळ लेखिका: कारागिरी घेतला! पण पत्र्यावरच्या चित्रांचं काय, मैत्रीण ‘एक्स-व्होतो’ म्हणते आणि मला ते औषधाचं नाव वाटतं.

प्रतिसाद: अहो शब्द घरातच आहे की. नवसाचं चित्र! लॅटिनमध्येही अर्थ तोच, ‘नवसापोटी’. चित्र नीट बघा, वरच्या कोपऱ्यात ढगांत मेरी नाहीतर एखादा संत, मधे गुदरलेला प्रसंग, कोणी अंथरुणाला खिळलंय नाहीतर घोड्यावरून पडलंय, आणि खाली आभाराच्या चार वेड्यावाकड्या ओळी, बहुतेक वेळा नाव-गाव-तारखेसकट. नवस फेडणं म्हणजे दुसरं काय असतं?

प्रतिसाद: एक धोक्याची सूचना. वस्तू कुठे घडली ते लिहिताना ‘बनावट’ शब्द जपून वापरा. ‘मेक्सिकन बनावटीचं चित्र’ ठीक, पण ‘बनावट मेक्सिकन चित्र’ झालं की खोटा माल! मी एकदा एका प्रदर्शनाच्या यादीत रकान्याचं नावच ‘बनावट’ दिलं होतं, त्याखाली ओळीने पेरू, पोलंड, जपान. ज्यांच्या वस्तू होत्या ते गृहस्थ आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. तेव्हापासून मी ‘घडण’ लिहितो.

मूळ लेखिका: 😂 शेवटचा अडलेला शब्द, पटिना. जुन्या वस्तूवर वर्षानुवर्षं हात फिरून जे काही येतं ते. झिलई चालेल?

प्रतिसाद: झिलई मुद्दाम देतात, एका दुपारचं काम. हे राप! उन्हाने चेहरा रापतो तसं लाकूड, पितळ रापतं. घोडा हातात घेऊन बघा, पोरांनी जिथे धरला असेल तिथे, पाठीवर आणि मानेशी, रंग उडून लाकूड काळपट गुळगुळीत झालं असेल आणि पोटाखाली रंग बऱ्यापैकी टिकलेला असेल. सगळीकडे सारखाच राप दिसला तर वरच्या साहेबांचा ‘बनावट’ शब्द बिनधास्त वापरा.

प्रतिसाद: पण राप म्हटलं की मळ नाही का वाटत?

प्रतिसाद: वाटू दे की, निम्मा मळच असतो तो. म्हणून तर घासूनपुसून लख्ख केलेली वस्तू बघितली की संग्राहक हळहळतात.

प्रतिसाद: अवांतर, अलेक्झांडर गिरार्ड या डिझायनरने १९७८ ला अमेरिकेतल्या सांता फेच्या लोककला म्युझियमला लाखाच्या वर अशा वस्तू दिल्या, आणि त्यांची मांडणी केली तेव्हा वस्तूंखाली चिठ्ठ्याच लावल्या नाहीत. सुटला बिचारा.

मूळ लेखिका: मला ती सोय नाही 😄 पहिली चिठ्ठी अशी झाली: “खेळण्यातला घोडा, स्वीडन. अँटिक. घडण लाकडाची, पाठीवर राप चढलेला.” चालेल?

प्रतिसाद: चालेल, पण राप चढत नाही हो, बसतो.