'वीअर्ड फिक्शन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : साधारण १८९० ते १९३० मधल्या, प्रताधिकारमुक्त (कॉपीराइटची मुदत संपलेल्या) झालेल्या इंग्रजी 'वीअर्ड' म्हणजे विचित्र, अनाकलनीय भीती जागवणाऱ्या कथांची सूची करते आहे. वर्गाचे नाव गूढकथा ठेवू की भयकथा? आणि 'प्रताधिकारमुक्त' फार बोजड वाटतो, 'मोफत' चालेल का?

उत्तर १ : भूतकथा तर नकोच. इंग्रज लेखक एम. आर. जेम्सच्या कथांना तो शब्द शोभतो. तिथे कुणीतरी जुनी वस्तू उचलतो आणि तिच्यामागे काहीतरी येते. इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द विलोज' (१९०७) घ्या. डॅन्यूब नदीतल्या बेटावर दोघे अडकतात. एक वल्हे नाहीसे होते, दुसरे घासून पातळ झालेले सापडते, वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे पडतात. भूत कुठेच नाही आणि कारणही शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून 'अतर्क्य भयकथा' सुचवतो.

उत्तर २ : मतकरींमुळे 'गूढकथा' मराठीत रुळलेला आहे, तो का सोडायचा?

उत्तर १ : रहस्यकथेचा वाचकही त्या शब्दाने येतो आणि उलगड्याची वाट पाहत बसतो. रसाच्या भाषेत बोलायचे तर इथे भयानक आणि अद्भुत एकत्र येतात, भयासोबत विस्मय. पण 'अद्भुतकथा' म्हटले की डोळ्यांपुढे राक्षस-पऱ्याच येतात. 'अतर्क्य' शब्दाला असे काही चिकटलेले नाही.

उत्तर ३ : 'मोफत' अजिबात नको. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत, एवढेच. छापायचा, भाषांतर करायचा हक्क त्यातून मिळत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. ब्लॅकवुड १९५१ मध्ये वारला, म्हणून इथे तो १ जानेवारी २०१२ पासून मुक्त. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, तिथे २०२२. याच काळातला लेखक लॉर्ड डन्सेनी (मृत्यू १९५७) इथे २०१८ पासून मुक्त आहे, ब्रिटनमध्ये २०२८ उजाडावे लागेल. त्यामुळे सूचीत 'भारतात प्रताधिकारमुक्त' असेच लिहा आणि शेजारी मृत्युवर्षाचा रकाना ठेवा. गुटेनबर्ग प्रकल्प (जुन्या पुस्तकांचे मोफत संकेतस्थळ) फक्त अमेरिकी कायदा तपासतो, तिथे पुस्तक दिसले म्हणजे इथेही मुक्त, असे धरू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या कथेची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात.

उत्तर २ : नव्या आवृत्तीवरून मजकूर उतरवताना प्रस्तावना आणि टिपा वगळा, त्यांचा हक्क वेगळा असतो. मराठी अनुवादाचेही तसेच. मूळ कथा मुक्त असली तरी अनुवादकाची मुदत स्वतंत्र मोजावी लागते.