मदत हवी आहे: चौकटींवरच्या जुन्या ऑइलपेंटवर पाण्यातला इनॅमल धरेल का?

नमस्कार,

पुण्यातील आमची सदनिका १९८० च्या दशकात बांधलेल्या इमारतीत आहे. दारा-खिडक्यांच्या चौकटी सागवानी असून, जितक्या वेळा घर रंगवले गेले तितक्या वेळा त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटचे हात चढत गेले आहेत. बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचासुद्धा आता रंगाने बुजल्या आहेत. दिवाळीपूर्वी घर रंगवायचे ठरले आहे. भिंतींचे सर्व निर्णय झाले आहेत, प्रश्न उरला आहे तो लाकूडकामाचा, आणि त्याबाबत दोन रंगाऱ्यांनी अगदी परस्परविरुद्ध सल्ला दिल्यामुळे येथे विचारणा करीत आहे.

माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. ऑइलपेंटचा आणि टर्पेंटाइनचा वास घरात आठवडाभर तरी रेंगाळतो, आणि तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे ठेवण्याची सोय नाही. म्हणून या वेळी चौकटींना पाण्यात मिसळणारा इनॅमल द्यावा असा विचार आहे. पहिल्या रंगाऱ्याचे म्हणणे असे, की ऑइलपेंटवर पाण्यातला रंग कधीही धरत नाही. तो द्यायचाच असेल तर जुने सर्व थर बत्तीने (रंग जाळण्याच्या ज्योतीच्या दिव्याने) जाळून, पत्र्याने खरवडून लाकूड उघडे करावे लागेल. दुसऱ्याच्या मते यातले काहीच करावयाचे नाही, हलका पॉलिश पेपर मारून थेट दोन हात दिले की काम झाले. पहिल्याचा खर्च आणि पसारा परवडणारा नाही, आणि दुसऱ्याचे ऐकले तर वर्षभरात सालपटे निघतील अशी धास्ती वाटते.

सध्याची स्थिती सांगते. बहुतेक ठिकाणी रंग घट्ट आहे, नखाने खरवडून निघत नाही. पोपडे दोनच ठिकाणी आहेत: पश्चिमेकडच्या खिडकीच्या खालच्या आडव्या लाकडावर, जेथे पावसाची झड थेट लागते, आणि न्हाणीघराच्या चौकटीच्या पायथ्याशी, जेथे लाकूड काळवंडून बोटाने दाबले तर किंचित दबते. त्याखेरीज एक गोष्ट मला उलगडत नाही. कपाट हलवले तेव्हा त्यामागची चौकटीची बाजू हस्तिदंतासारखी पिवळी पडलेली दिसली, आणि खिडकीजवळची, जिला भरपूर ऊन लागते, ती मात्र पुष्कळच पांढरी राहिली आहे. कोरड्या, आतल्या भिंतीवर ओल असण्याचे काही कारण दिसत नाही.

दुसरी तक्रार चौकट आणि भिंत यांच्या सांध्याची. प्रत्येक रंगकामात तेथे लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरली जाते, रंग होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच रेषेत बारीक तडा परत उघडतो. हा तडा कायमचा बुजवता येतो का, की तो लाकडाचा स्वभाव म्हणून सोडून द्यावा?

तिसरी गोष्ट आतल्या खोलीची. दिवाणखान्यात लादीचेच स्कर्टिंग आहे, परंतु शयनगृहात काही वर्षांपूर्वी लॅमिनेट फरशी टाकली तेव्हा भिंतीलगत एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) पट्ट्या बसवल्या गेल्या. रोजच्या पोछ्याच्या पाण्याने त्यांची खालची कड काही ठिकाणी फुगली आहे. त्या पट्ट्याही चौकटींच्याच पांढऱ्या रंगात रंगवण्याची इच्छा आहे. फुगलेला भाग घासून सपाट करून चालेल, की पट्टी बदलणेच योग्य?

शेवटी, आधी भिंती की आधी लाकूडकाम, हेही कृपया सांगावे. यावर दोन्ही रंगाऱ्यांचे एकमत झाले नाही.

प्रतिसाद १

नमस्कार. सर्वांत आधी एक विनंती: बत्तीने रंग जाळू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे रंगद्रव्य म्हणून आणि रंग लवकर वाळावा म्हणून सर्रास वापरली जात. आपल्या चौकटींवरचे खालचे थर १९८० च्या दशकातले आहेत, तेव्हा त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे. ते जाळले तर शिशाची वाफ आणि धूर घरात भरतो. कोरडे घासले तर धूळ उडते, आणि ती लहान मुलांना सर्वांत घातक असते. जेथे घासायचे तेथे पाणी शिंपडून वॉटर पेपरनेच घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला लगदा ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकावा, आणि तेवढा वेळ सासूबाईंना व मुले असल्यास त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

आता मूळ प्रश्न. दोन्ही रंगाऱ्यांच्या म्हणण्यात अर्धे अर्धे तथ्य आहे. ऑइलपेंटच्या गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर पाण्यातला इनॅमल थेट दिला तर तो वरवर बसतो आणि नंतर प्लास्टिकच्या कागदासारखा सोलून येतो, हे खरे. परंतु त्यासाठी लाकूड उघडे करण्याची गरज नसते. जुना रंग घट्ट आहे की नाही एवढेच पाहावे लागते. धारदार पातीने रंगावर फुलीचा छेद द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर रंग आला नाही तर तो थर पाया म्हणून वापरण्यास उत्तम आहे. अशी परीक्षा चार-पाच निरनिराळ्या जागी करावी, विशेषतः हाताचा स्पर्श जास्त होणाऱ्या कडीजवळ आणि खिडकीच्या खालच्या लाकडावर.

त्यानंतर धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्याने चौकट पुसून घ्यावी. तेलकटपणा जातो आणि चकाकीही मरते. मग स्वच्छ पाण्याने किमान दोनदा पुसावे, कारण सोड्याचा अंश राहिला तर वरचा रंग नीट धरत नाही. हातमोजे घालावेत हे वेगळे सांगायला नको. कोरडे झाल्यावर १८० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, पाण्यासह, पृष्ठभाग सर्वत्र मंद होईपर्यंत घासावा. तिरक्या उजेडात पाहिले की चकाकणारे ठिपके राहिलेले दिसतात. नक्षीच्या खाचांमध्ये ते हमखास राहतात. त्यावर चकचकीत पृष्ठभागालाही धरून राहणाऱ्या पाण्यातल्या प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या पायाच्या थराचा) एक हात, हलके घासणे, आणि मग इनॅमलचे दोन पातळ हात. दुकानदाराला ‘जुन्या ऑइलपेंटवर चालणारा’ असे स्पष्ट सांगूनच प्रायमर मागावा, साध्या गुलाबी लाकडी प्रायमरवर भागवू नये. जेथे पोपडे निघून सागवान उघडे पडेल तेथे आधी लाकूड थिनरने पुसावे, कारण सागाच्या अंगचे तेल रंगाला धरू देत नाही. थिनरलाही वास असतोच, म्हणून हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे.

पिवळेपणाबाबत आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यात ओलीचा दोष नाही. ऑइलपेंटमधील तेलाचा अंश काळोखात पिवळा पडतो, उजेडात तो पुष्कळसा निवळतो. म्हणूनच कपाटामागची बाजू पिवळी आणि खिडकीकडची पांढरी. पाण्यातल्या ॲक्रिलिक इनॅमलला ही खोड जवळजवळ नाही. पांढऱ्यासाठी तो निवडण्याचे वासाइतकेच हेही कारण आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. हा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, म्हणून रंगारी त्याच संध्याकाळी दार लावून निघून जातो, आणि सकाळी दाराची कड चौकटीला चिकटलेली सापडते. वरून वाळला तरी रंगाला पूर्ण कडकपणा यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस दार शक्यतो पूर्ण लावू नये, आणि लावावेच लागले तर चौकटीच्या खाचेत बटर पेपरची पट्टी ठेवावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. तड्याबद्दल थोडे लिहितो.

लाकूड पावसाळ्यात दमट हवेतील ओलावा शोषून आडव्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंतीचा गिलावा मात्र जागच्या जागी राहतो. खडूची भुकटी आणि तेल यांची लांबी वाळून दगडासारखी होते, ती या हालचालीबरोबर ताणली जाऊ शकत नाही, म्हणून तडा त्याच रेषेत उघडतो. तेथे रंगवता येणारे ॲक्रिलिक सीलंट भरावे. जुनी लांबी पातीने पूर्ण काढून, फट थोडी रुंद करून, धूळ पुसून बंदुकीने सीलंटची बारीक रेघ भरावी आणि ओल्या बोटाने एकाच दिशेने ओढून घ्यावी. दुकानात सिलिकॉन हातात देतील, ते घेऊ नये. त्यावर कोणताही रंग धरत नाही आणि एकदा लागले की पूर्ण निघतही नाही. हे काम ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत केलेले चांगले, कारण तोवर लाकडातील पावसाळ्याचा ओलावा बराच गेलेला असतो आणि फट रुंदावलेली असते. पावसात, लाकूड फुगून फट मिटलेली असताना भरलेले सीलंट उन्हाळ्यात सर्वांत जास्त ताणले जाते.

न्हाणीघराच्या चौकटीचा दबणारा भाग रंगाने वाचणार नाही. सुताराकडून तेवढा तुकडा कापून नवा सांधावा, आणि लाकडाचे उघडे टोक, जे फरशीकडे येते, त्याला रंग आतपर्यंत मुरेल असे दोन-तीन हात द्यावेत. पाणी तेथूनच वर चढते.

प्रतिसाद ३

एमडीएफच्या फुगलेल्या कडेबद्दल: तो भाग घासून सपाट होतो, पण आतील तंतू सुटलेले असल्यामुळे पाण्यातला प्रायमर लावताच ते पुन्हा उभे राहतात. थोडीच जागा असेल तर घासून तेवढ्या कडेला ऑइल प्रायमर द्यावा. हातभर पट्टीच्या वासासाठी दिवसभर खिडकी उघडी ठेवली तरी पुरते. फुगवटा दोन-तीन फुटांहून लांब असेल तर ती पट्टीच बदला, एमडीएफ महाग नाही. नवी पट्टी बसवण्यापूर्वीच चारही कडा आणि मागची बाजू प्रायमरने बंद करून घ्या, आणि फरशीपासून एक-दोन मिलिमीटर वर बसवा. पोछा पिळून घेणे हा खरा उपाय, पण तो घरातल्या प्रत्येकाला पटवणे रंगकामापेक्षा अवघड आहे.

क्रमाबाबत माझे मत असे: भिंतींची लांबी, प्रायमर आणि पहिला हात आधी, मग लाकूडकाम पूर्ण, आणि शेवटी भिंतींचा अखेरचा हात. भिंतीचा शेवटचा हात देताना चौकटीवर मास्किंग टेप लावायची असेल तर इनॅमलला आधी किमान तीन-चार दिवस वाळू द्यावे, अन्यथा टेपबरोबर तोही निघेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. फुलीची परीक्षा आजच करून पाहिली. दारांच्या चौकटींवरचा रंग जागचा हलला नाही, खिडकीच्या खालच्या लाकडावरचा मात्र पट्टीबरोबर सालीसारखा आला, आणि त्याखाली हिरवट थर दिसला, जो आम्ही कधी दिलेला आठवत नाही. तेवढे लाकूड पाण्यानेच घासून उघडे करून घेईन. दुसऱ्या रंगाऱ्याला प्रायमरसह दर विचारला असता त्याने मान्य केले, फक्त सोड्याने धुण्याचे काम आपले नाही असे सांगितले. ते आम्ही घरीच उरकू.

एक शंका उरली. बिजागऱ्यांवरील रंग काढून त्या पुन्हा पितळी दिसतील असे करता येईल का, की दार उतरवणे भाग आहे?

प्रतिसाद १

दार उतरवले तर काम नीट होते, पण स्क्रूंच्या खाचा बुजलेल्या असल्याने आधी त्या अणकुचीदार टोच्याने मोकळ्या करा, नाही तर स्क्रूड्रायव्हर घसरून खाच कायमची गोल होईल. काढलेल्या बिजागऱ्या जुन्या, स्वयंपाकासाठी पुन्हा न वापरायच्या पातेल्यात, सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी रंग मऊ होऊन जुन्या टूथब्रशने निघतो. पाणी उकळत ठेवू नका आणि निघालेला रंग सिंकमध्ये ओतू नका, तोही शिशाचाच समजावा. एका वेळी एकच दार उतरवा आणि बिजागरी कोणत्या दाराची, वरची की खालची, हे चिठ्ठी लावून ठेवा. जुन्या घरात दोन बिजागऱ्यांच्या खाचा क्वचितच सारख्या असतात.