शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करावं का?

रंकाळाकाठ
माझी मुलगी दुसरीत आहे. परवा रात्री अंगात 102 ताप, आणि सकाळी बघते तर ही युनिफॉर्म घालून दारात उभी. वर्षअखेरीला पूर्ण हजेरीवाल्यांना स्टेजवर बोलवून कंपासपेटी देतात आणि हिचा एकही दिवस बुडालेला नव्हता. मी घरीच ठेवली, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.
माझं म्हणणं, हे बक्षीस बंद करा. त्यापायी पोरं ताप, खोकला, कांजिण्या घेऊन वर्गात बसतात. आणि उशीर झाला की प्रार्थना संपेपर्यंत गेटबाहेर उभं करतात, तेही बंद करा. सात वर्षांचं पोर गजर लावून उठतंय होय? उशीर आपला, शिक्षा त्याला.

निवृत्त_मास्तर
ताई, आजाऱ्याला सूट द्या, बक्षीस कशाला काढता? "एक दिवस बुडाला तर काय होतंय" हे मी नोकरीभर ऐकलं. दुसरीतल्या एका पोरानं 47 अधिक 38 ची बेरीज 715 लिहिली होती. सात नि आठ पंधरा, चार नि तीन सात, दिलं शेजारी शेजारी मांडून. हातचा शिकवला ते दोन दिवस गडी मामाच्या गावच्या जत्रेत होता. पुढं महिनाभर तो गणिताच्या तासाला पोटात दुखतंय म्हणायचा. गैरहजेरी अशी वाढते.
आणि आपण कोल्हापूरकर आहोत. शाहू महाराजांनी 1917 सालीच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत नि सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता.

रंकाळाकाठ
गुरुजी, दंड कुणाला होता? आईबापाला. पोराला गेटबाहेर उभं केलं नव्हतं महाराजांनी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्येसुद्धा मुलांच्या मानसिक छळाला बंदी आहे. सगळ्या शाळेसमोर उभं करणं म्हणजे दुसरं काय?

तीनचाकी
वहिनी, मी शाळेची रिक्षा चालवतो. एका घरापुढं रोज पाच मिनिटं हॉर्न मारायचो. आतनं आवाज, "आलो मामा, दूध पितोय." त्याच्यापायी रिक्षातली सगळी पोरं लेट. गेट बंद व्हायला लागलं आणि आठवड्यात ते दूध साडेआठलाच संपायला लागलं. आता बोला.

रंकाळाकाठ
पण त्या आठवड्यात बाकीची पोरं बाहेर उभी राहिली त्याचं काय मामा?

तीनचाकी
ते मात्र खरं हाय. एक बारकी रडायची.

मिसळ_जादा_कट
2024 ला सरकारनं चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलं, पोरांची झोप होत नाही म्हणून. आमच्या अपार्टमेंटमध्ये त्याचा अर्थ एवढाच निघाला की रात्री अकरापर्यंत टीव्ही बघायला मोकळीक. माझ्याच घरचं सांगतोय.

नदीपलीकडचा
शहरातल्यांचं बरं चाललंय. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या पोरांचा रस्ता बंद. लांबनं वळसा घालून यायचं म्हटलं तर पहिला तास गेलाच. 2019 ला तर घरातच पाणी होतं. म्हणजे ही कंपासपेटी आमच्याकडं यायचीच नाही कधी. ज्याचं घर शाळेजवळ आणि बाप गाडीवाला, त्याला बक्षीस. शासनाचा मुलींचा उपस्थिती भत्ता बघा, 1992 पासनं दिवसाला एक रुपया, गरीब घरच्या मुलींना. त्यालासुद्धा अट 75 टक्क्यांची. सरकार 75 वर थांबतंय, मग शाळेला शंभरच कशाला पाहिजे?

निवृत्त_मास्तर
हे पटलं. गेल्या महिन्यापेक्षा ज्याची हजेरी वाढली त्याला द्या बक्षीस. आमच्या वेळी हे सुचलं नाही. पण गेटच्या बाबतीत माझं मत तेच आहे. परिपाठ चुकलेलं पोर पहिला अर्धा तास वर्गात नुसतं इकडंतिकडं बघत बसतं.

रंकाळाकाठ
मग आत घ्या आणि संध्याकाळी पालकाला फोन करा. मला आला तर मी दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी निघेन, लाजेनं का होईना.

निवृत्त_मास्तर
सगळेच फोन उचलतात असं नाही ताई. असो. पोरगी कशी आहे? 47 अधिक 38 विचारा तिला.

रंकाळाकाठ
ताप उतरला. 85 म्हणाली, हातचा बोटावर धरून. कंपासपेटीचा रुसवा अजून आहे.