प्रतिसाद: वडिलांसाठी परभणीत पीसी, ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

वर दोघांनी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड, सुचवलंय. पण तुमचे वडील सातबारा काढणार, ई-पेपर वाचणार, यूट्यूबवर कीर्तन लावणार. त्याला कार्ड कशाला? इंटेलचा आय३-१२१०० प्रोसेसर पुरे, ग्राफिक्स त्यातच आहे. फक्त दुकानदार थोड्या स्वस्तात '१२१००एफ' पुढे करेल, तो घेऊ नका. त्या 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. ८ जीबीच्या दोन रॅम काड्या आणि साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान), बास. हार्डडिस्कवर विंडोज टाकून त्यांना ताटकळत ठेवू नका.

वाचलेला पैसा एसएमपीएस (पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसवर (लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा) घाला. आपल्याकडं लाइट कधी जाईल अन् येताना किती व्होल्टेज घेऊन येईल, नेम नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवा. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे फाइल सेव्ह करून नीट बंद करता येतं. जुन्या वाड्यात थ्री-पिन सॉकेट असतं, पण मागं अर्थिंगची वायरच नसते; कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनकडून आधी ते बघून घ्या.

मॉनिटर मात्र २४ इंची घ्या, अक्षरं मोठी करायला जागा राहते. आणि काचेच्या पॅनेलचं बंद कॅबिनेट नको, पुढं जाळी असलेलं बघा. मे महिन्यात खोलीच तापलेली असते.