मदत हवी आहे: एअर रायफलच्या माशीवर (बॅरलच्या टोकावरची पुढची साइट) घरगुती सावली

मंडळी, माझी ४.५ मिमीची स्प्रिंग एअर रायफल आहे, साधी ओपन साइटची, म्हणजे दुर्बीण नाही, मागच्या खाचेत माशी धरून नेम घ्यायचा. कोल्हापूरबाहेर शेतात, बांधाला टारगेट लावून १० मीटरवर सराव करतो. तोंड उत्तरेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन डावीकडून येतं. माशीची डावी कड चकाकते, तीच कड माशीचा मध्य समजून खाचेत मध्यावर धरली जाते आणि सगळा ग्रुप (टारगेटवरच्या छिद्रांचा पुंजका) उजवीकडे सरकतो. सकाळी तीच रायफल, तेच पेलेट (छर्रे), ग्रुप बरोबर मध्यावर. म्हणजे साइट हललेली नाही.

मेणबत्तीची काजळी धरून पाहिली. चकाकी गेली, पण बोट लागलं की पुसते. काळ्या पुठ्ठ्याची नळी इन्सुलेशन टेपने बसवली, तर पंधरा-वीस शॉटमध्ये धक्क्याने पुढे सरकली; शिवाय आत इतका अंधार झाला की माशी काळ्या बुलात (टारगेटच्या मधल्या गोलात) हरवून गेली.

आता उद्यमनगरातून पातळ पत्रा कापून आणणार आहे. बॅरलला भोक किंवा डाग द्यायचा नाही, सावली काढता-घालता यायला हवी. दिशा बदलणं शक्य नाही, दक्षिणेला वस्ती आहे.

ज्यांनी स्वतः बनवली आहे त्यांनी सांगा: पत्रा पूर्ण गोल वळवू की वरून उजेडाला फट ठेवू, आणि धक्क्याने सरकू नये म्हणून बॅरलवर पकड कशाची द्यावी?